मोटर जळते त्या रात्री

छोट्या कारखान्यातले कार्बनचे निर्णय बरेचदा रात्री होतात, आणि निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा कार्बन नावालाही नसतो. मोटर जळालेली असते. सकाळी माल पाठवायचा असतो. मालक फोनवर, फिटर टर्मिनल बॉक्स उघडून बसलेला, जळक्या वार्निशचा वास शेडभर. अशा वेळी प्रश्न एकच असतो: सगळ्यात आधी काय मिळेल? मोटरमधली जळलेली तार काढून नवी गुंडाळणारा रिवाइंडिंगवाला पहाटेपर्यंत देतो म्हणाला तर रिवाइंडिंग. कुणाच्या गोदामात त्याच मापाची जुनी मोटर पडून असेल तर ती. त्या जागी पुढची पंधरा वर्षं किती वीज जाणार, हे अर्ध्या तासात ठरून जातं.

हिशेब मांडूनच दाखवते. १५ किलोवॅटची, चार पोलची, अगदी साधी मोटर घ्या. आंतरराष्ट्रीय वर्गवारीप्रमाणे ‘आयई १’ दर्जाच्या अशा मोटरची कार्यक्षमता ८८.७ टक्के असते, ‘आयई ३’ची ९२.१. वर्षाला ६,००० तास पूर्ण भाराने चालली तर दोघींच्या विजेत सुमारे ३,७०० युनिटांचा फरक पडतो. जगाच्या सरासरी विजेमागे युनिटला साधारण ४५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला दीड टनाहून थोडा जास्त आणि पंधरा वर्षांत पंचवीसेक टन. मोटरच्या आयुष्यभराच्या खर्चात तिची खरेदीची किंमत दोन-तीन टक्के असते, बाकी जवळपास सगळी वीज. हे सगळं मालकाला पटतं. पटलं तरी तो विचारतो, “मॅडम, उद्या सकाळी मिळेल का ती?”

मिळत नाही. चांगल्या दर्जाची, नेमक्या फ्रेमची मोटर मागवावी लागते, आठवडा जातो. म्हणून कुठल्याही कारखान्यात गेले की सौरऊर्जेचा विषय काढायच्या आधी मी मोटरांची यादी मागते. कोणती कुठे आहे, किती जुनी, किती वेळा रिवाइंड झाली, आणि जळाली तर काय करायचं. हा शेवटचा रकाना आधीच भरून ठेवायचा. ज्या दोन-तीन मापांच्या मोटरा सगळीकडे लागतात, त्यांची चांगल्या दर्जाची एकेक मोटर फळीवर आणून ठेवायची. रिवाइंडिंग वाईटच असं नाही. नीट केलं तर कार्यक्षमता जवळजवळ तशीच राहते. पण जुनी वाइंडिंग काढताना घाईघाईत गाभा जास्त तापवला, तार बारीक वापरली की मोटर चालते, फक्त जास्त वीज पिते. बाहेरून कुणाला कळत नाही.

मी ऊर्जा-तपासणीचं काम करते. क्लॅम्प मीटर, उष्णता दाखवणारा कॅमेरा आणि एक वही घेऊन छोट्या कारखान्यांतून फिरते. ‘कार्बन-तटस्थ व्हायला लघुउद्योगांना काय अडतं’ या विषयावरच्या परिसंवादांनाही बसते. कार्बन-तटस्थ म्हणजे सोडलेला कार्बन कमी करून आणि उरलेला फेडून हिशेब शून्यावर आणणं. तिथे अडथळ्यांची यादी ठरलेली असते: जागृती नाही, भांडवल नाही, तज्ज्ञ नाहीत. त्यातलं पहिलं मला पटत नाही. ज्याला महिन्याचं वीजबिल स्वतःच्या खात्यातून भरावं लागतं, त्याला विजेबद्दल जागृत करायला जाणं हा जरा आगाऊपणाच आहे. भांडवलाचा अडथळा खरा आहे, पण त्याचं दुखणं वेगळ्याच ठिकाणी आहे, त्याकडे येते. मला सर्वांत मोठी टंचाई दिसते ती मालकाच्या लक्षाची.

मोठ्या कंपनीत ऊर्जा व्यवस्थापक असतो, पर्यावरण विभाग असतो, अहवाल लिहिणारी माणसं असतात. तीस माणसांच्या कारखान्यात खरेदी, विक्री, पगार, कर, बँक, भांडणं आणि बिघाड हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असतं. आणि तो माणूस आत्ता हायड्रॉलिक प्रेसखाली वाकून तेल कुठून गळतंय ते बघतोय. त्याला ‘उत्सर्जन-घट आराखडा’ हवा असतो, नाही असं नाही. आज नको असतो, एवढंच. आणि आज नको असलेली गोष्ट उद्याही नकोच असते.

याला जुना पुरावाही आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या पैशावर १९७६ पासून तिथल्या विद्यापीठांतले विद्यार्थी आणि प्राध्यापक छोट्या-मध्यम कारखान्यांची ऊर्जा-तपासणी फुकट करून देतात. कुठे काय बदलायचं, किती खर्च येईल, किती वाचेल, सगळं कागदावर मांडून मिळतं. सोरेन अँडरसन आणि रिचर्ड न्यूएल या दोन अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये या तपासण्यांची नोंद चाळली, तेव्हा सुचवलेल्या कामांपैकी साधारण निम्मीच झालेली दिसली. त्यांच्या आकडेमोडीत कारखानदार वर्षाच्या बचतीपेक्षा सुरुवातीच्या खर्चाला ४० टक्के जास्त वजन देत होते. वर्ष-दोन वर्षांत पैसे वसूल होत असतील तर काम होतं, त्यापुढे गाडी अडते. फुकट माहिती मिळूनही निम्मी कामं राहतात, म्हणजे माहितीची उणीव हा या दुखण्याचा फार तर अर्धा भाग.

दोन वर्षांत वसूल म्हणजे वर्षाला पन्नास टक्के परतावा. शिकलेली माणसं इथे हसतात. बँकेचं व्याज त्याच्या कितीतरी खाली असताना हा माणूस चाळीस टक्के परतावा देणारी गुंतवणूक सोडून देतो, म्हणजे अडाणीच की! पण त्याच्या टेबलाच्या या बाजूला बसून पाहिलं की चित्र बदलतं. तो बचतीची तुलना बँकेच्या व्याजाशी करतच नाही. कच्चा माल रोखीने घ्यायचा, पगार महिन्याला द्यायचा, आणि मोठं गिऱ्हाईक पैसे देणार नव्वद दिवसांनी, तेही वेळेवर दिले तर. मध्ये जी पोकळी पडते ती भरायला त्याच्याकडची प्रत्येक दमडी लागते. मशीनांना दाबाची हवा पुरवणाऱ्या चांगल्या कॉम्प्रेसरमध्ये पैसे अडकले आणि त्याच महिन्यात ऑर्डर आली, पण पोलाद घ्यायला पैसे नाहीत, तर गिऱ्हाईक जातं. अशा माणसाने पन्नास टक्के परतावा मागणं ही शुद्ध सावधगिरी आहे.

गंमत अशी की नव्वद दिवसांनी पैसे देणारं तेच गिऱ्हाईक हल्ली कार्बनची प्रश्नावलीही पाठवतं. एका मालकाने अशी प्रश्नावली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “यांना माझा कार्बन पंधरा दिवसांत हवाय. माझे पैसे मात्र तीन महिन्यांनी.” मला वाटतं, पुरवठादारांनी कार्बन कमी करावा असं ज्या कंपन्यांना खरंच वाटतं, त्यांनी प्रशिक्षणाच्या कार्यशाळा भरवण्याआधी नव्वदचे पंचेचाळीस दिवस करावेत. त्यातून सुटलेल्या पैशात कितीतरी बर्नर, मोटरा आणि भट्ट्या बदलून होतील. हा उपाय कुठल्या हवामान-अहवालात ठळक दिसत नाही, कारण तो लेखा विभागाच्या अखत्यारीतला आहे आणि अहवाल दुसराच विभाग लिहितो.

भांडवलाच्या या अडचणीवर ‘बचत वाटून घेऊ’ हा मार्ग जुना आहे, फार जुना. जेम्स वॉट आणि मॅथ्यू बोल्टन यांनी १७७० च्या दशकात त्यांचं वाफेचं इंजिन इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींना दिलं ते याच बोलीवर. जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल त्याचा एक तृतीयांश पैसा आम्हाला द्या. इंजिनाचे झोके मोजायला कुलूपबंद पेटीत मोजयंत्र बसवलेलं असे, म्हणजे आकड्यांवरून वाद नको. वाद झालेच, खाणमालक पुढे ती रक्कम द्यायला कुरकुरू लागले आणि प्रकरणं कोर्टापर्यंत गेली. पण या गोष्टीतला मला सगळ्यात बोलका भाग वेगळा वाटतो. कॉर्नवॉलमध्ये तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी होत्या, कोळसा नव्हता; तो समुद्रमार्गे आणावा लागे आणि महाग पडे. म्हणून तिथे नवं इंजिन पटकन घेतलं गेलं. कोळशाच्या खाणींवर मात्र जुनी, खादाड इंजिनं पुढे कितीतरी वर्षं धडधडत राहिली. तिथे विकायला नालायक असलेला बारीक कोळसा पायाशीच पडलेला होता, वाचवायचा कुणासाठी? यंत्र तेच आणि अक्कलही तेवढीच. फरक होता तो इंधनाच्या भावाचा. कार्बनवर किंमत लावावी की नाही या आजच्या वादात मी कुठल्या बाजूला आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल.

आज स्वतःचे पैसे घालून असे करार करणाऱ्या ऊर्जा-सेवा कंपन्या आहेत, पण त्या तीस माणसांच्या शेडपर्यंत क्वचितच पोचतात. करार करायचा, मीटर बसवायचे, आधीचा वापर ठरवायचा, नंतरचा मोजायचा, या सगळ्याचा खर्च मोठ्या कारखान्यात आणि छोट्या कारखान्यात जवळजवळ सारखाच येतो. वाचणारी रक्कम मात्र दहापट लहान. स्वित्झर्लंड आणि जर्मनीत यावर निघालेली तोड मला आवडते: दहा-पंधरा कारखान्यांनी मिळून एकच तज्ज्ञ नेमायचा, सगळ्यांनी मिळून लक्ष्य ठरवायचं आणि वर्षातून काही वेळा एकमेकांच्या शेडमध्ये जाऊन बघायचं. माझ्यासारखीने सांगितलेलं कागदावर राहतं. शेजारच्या कारखानदाराने “मी केलं, चालतंय” म्हटलेलं लगेच उचललं जातं.

माझं सगळ्यात आवडतं काम सुट्टीच्या दिवशी असतं. कारखाना बंद, माणूस नाही, मशीन नाही, आणि मी मालकाला विनंती करते की कॉम्प्रेसर तेवढा चालू करून द्या. टाकी भरते, कॉम्प्रेसर थांबतो. थोड्या वेळाने पुन्हा धडाडतो. शेडमध्ये कुणीही हवा वापरत नाहीये. मग कान देऊन फिरायचं. कपलिंगपाशी बारीक शीळ, रेग्युलेटरच्या काचेखाली फुसफुस, ग्राइंडरच्या रबरी होजला कापडाची चिंधी बांधलेली आणि चिंधी फडफडतेय. ब्लो गनचा खटका अर्धवट अडकलेला. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. मालकांना हे बुडबुडे मोबाइलवर टिपायला फार आवडतं. देखभाल नसलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा अशी गळून जाते. सात बार दाबाला तीन मिलिमीटरचं एक भोक सतत तीनेक किलोवॅट खातं. आणि गळतीमुळे टोकाच्या मशीनला दाब पुरत नाही म्हणून कुणीतरी कॉम्प्रेसरचा दाब एक बारने वाढवून ठेवलेला असतो. त्या एका बारमागे सहा-सात टक्के वीज जास्त, आणि दाब वाढला की गळतीही वाढते.

हे दुरुस्त करायला जवळजवळ काहीच खर्च नाही. वॉशर, टेफ्लॉन टेप, चार होज आणि एक दुपार. तरी सहा महिन्यांनी गेलं की शीळ परत सुरू. कारण गळती बंद करणं हे कुणाचंच काम नसतं. फिटरला बिघाडासाठी पगार मिळतो आणि गळती हा बिघाड नाही; उत्पादन चालू आहे ना! ऑपरेटरला हवा फुकट वाटते, ती नळातून येते. जिथे ही दुरुस्ती टिकलेली पाहिली, तिथे एकच साधी गोष्ट केली होती: कॉम्प्रेसरच्या पॅनेलवर तासांचा मीटर होता आणि सुट्टीनंतरच्या सकाळी फिटर त्याचा आकडा फळ्यावर लिहायचा. तेवढ्यावर त्याचं लक्ष राहिलं. कुणी पर्यावरणावर व्याख्यान दिलं नव्हतं.

ओतकामाच्या फाउंड्रीत हीच गोष्ट जास्त आगीची. इंडक्शन भट्टीत लोखंड दीड हजार अंशांच्या आसपास वितळलेलं असतं. झाकण उघडं राहिलं तर त्या लालभडक पृष्ठभागातून चौरस मीटरमागे शे-दोनशे किलोवॅट उष्णता नुसती वर निघून जाते. प्रत्येक भट्टीवाल्याला हे ठाऊक असतं, चेहऱ्यावर झळ लागते त्याच्या. तरी झाकण उघडंच. का, ते विचारलं तेव्हा भट्टी सांभाळणाऱ्या मेल्टरने मला नुसतं झाकण उचलून दाखवायला सांगितलं. ते माझ्याच्याने हललं नाही. दर काही मिनिटांनी भंगार टाकायचं, स्लॅग म्हणजे वरची मळी काढायची, नमुना घ्यायचा, तापमान बघायचं. प्रत्येक वेळी ते धूड साखळीने ओढायचं म्हणजे पाठीचा भुगा. पुढे तिथे पायाने दाबायच्या पेडलवर उघडणारं हायड्रॉलिक झाकण बसलं आणि ते बंद राहू लागलं. कामगारांच्या ‘मानसिकतेत बदल’ घडवण्याबद्दल बोलणाऱ्यांना मी ते झाकण बघायला न्यावं म्हणते.

आता ती प्रश्नावली. हरितगृह वायू मोजण्याची जी पद्धत आज सगळीकडे चालते, तिची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आली. तिने कार्बनचे तीन कप्पे केले. कारखान्यात जे जळतं ते पहिल्या कप्प्यात: डिझेल, गॅस, भट्टीचं तेल, शिवाय गळून गेलेला शीतक वायू. विकत घेतलेली वीज दुसऱ्या कप्प्यात. बाकी सगळं तिसऱ्यात: कच्चा माल, वाहतूक, कामगारांचं येणं-जाणं, विकलेल्या वस्तूचा वापर, तिची विल्हेवाट. २०११ साली या तिसऱ्याचे पंधरा उपप्रकार ठरले. पहिले दोन कप्पे बिलांवरून एका संध्याकाळी भरता येतात. डिझेलच्या लिटरला २.६८ किलो हे आता मला झोपेतही सांगता येईल. तिसऱ्यापाशी हिशेबनीस पेन खाली ठेवतो. छोट्या उद्योगांना ही अडचण आहे हे आता मान्य झालंय. विज्ञानाधारित लक्ष्यांचा जो आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे, त्याच्या लहान उद्योगांसाठीच्या सोप्या वाटेत तिसऱ्या कप्प्याचं आकडेबंद लक्ष्य मागत नाहीत. मोजू आणि कमी करू एवढी कबुली पुरते. युरोपात २०२४ च्या डिसेंबरात लहान कंपन्यांसाठी स्वेच्छेने वापरायचा एक आटोपशीर नमुना आला. प्रत्येक गिऱ्हाईकाने वेगळी प्रश्नावली पाठवण्याऐवजी सगळ्यांनी हा एकच मागावा, ही त्यामागची कल्पना. ते झालं तर फार बरं.

पण तिसरा कप्पा अवघड म्हणून सोडून देता येत नाही, कारण खरा माल तिथेच आहे. समजा एक कारखाना वर्षाला दोनशे टन पोलाद कापतो, वाकवतो, जोडतो आणि एक लाख युनिट वीज वापरतो. विजेचे झाले ४५ टन. खनिज वितळवणाऱ्या झोतभट्टीतून आलेल्या पोलादाच्या टनामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. म्हणजे पोलादाचे चारशेच्या वर. छतावर पॅनेल लावून विजेचा आकडा शून्यावर आणला तरी नऊ-दशांश गाडा तिथेच उभा. ॲल्युमिनियमवाल्याचं आणखी बिकट: खनिजापासून बनवलेल्या ॲल्युमिनियमच्या टनामागे जागतिक सरासरी चौदा-पंधरा टन. भंगारातून बनवलेल्याला त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते.

त्यामुळे मला हल्ली वाटतं की छोट्या कारखान्यातला सर्वांत चांगला कार्बन-अधिकारी म्हणजे क्वालिटीवाला. वरच्याच कारखान्यात नाकारल्या जाणाऱ्या मालाचं प्रमाण सहा टक्क्यांवरून चारवर आलं तर वर्षाला चार टन पोलाद कमी लागतं, म्हणजे आठ-नऊ टन कार्बन, म्हणजे सुरुवातीला हिशेब केलेल्या तसल्या पाच मोटरा. भंगार पुन्हा वितळतं, त्यामुळे ते सगळंच्या सगळं वाया गेलं असं म्हणता येणार नाही, तरी त्यावर खर्च झालेली वीज, गॅस आणि मेहनत कुणी परत देत नाही. पत्र्यावर तुकडे कसे बसवायचे याचं बरं सॉफ्टवेअर, डायची वेळेवर दुरुस्ती, पहिल्या नगाची नीट तपासणी. यातली एकही गोष्ट हवामानाच्या परिसंवादात येत नाही आणि प्रत्येक गोष्टीकडे मालकाचं लक्ष आधीपासून असतं. ते नव्याने मागावं लागत नाही, हा केवढा तरी फायदा आहे.

बाहेरून येणाऱ्या रेट्याचं काय? युरोपीय संघाचं सीमेवरचं कार्बन शुल्क १ जानेवारी २०२६ पासून खरोखर लागू झालं. त्याआधी ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज हे त्यात येतात, आणि पोलादात नटबोल्ट-स्क्रूसुद्धा. शुल्क भरायचं आयात करणाऱ्याने. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्याला २०२५ च्या सुधारणेनंतर सूट आहे. म्हणजे बोल्ट बनवणाऱ्या छोट्या कारखान्याच्या दारात कुठलाही अधिकारी येत नाही. येतो तो आयातदाराचा मेल: तुमच्या मालाचे खरे आकडे द्या, नाहीतर ठरवून दिलेले चढे आकडे धरू आणि भाव त्याप्रमाणे पाडू. मी इतकी वर्षं कार्बन मोजा म्हणून ज्यांच्या मागे लागले, त्यांनी असा मेल आल्यावर दोन दिवसांत मला स्वतःहून फोन केलाय. मला याचं वाईट वाटत नाही. धोका मात्र हा की आकडे दिले की काम संपलं असं दोन्हीकडच्यांना वाटू लागतं. मोजणारी माणसं वाढतात आणि भट्टीचं झाकण उघडंच राहतं.

तटस्थतेचा शिक्का हा याच रोगाचा पुढचा टप्पा. कमी करता आलं नाही ते दुसरीकडच्या झाडांचे, चुलींचे किंवा पवनचक्क्यांचे कार्बन-क्रेडिट, म्हणजे तिथे वाचलेल्या कार्बनची विकत मिळणारी पावती, घेऊन फेडायचं आणि पाकिटावर ‘कार्बन-तटस्थ’ छापायचं. ब्रिटनच्या मानक संस्थेने २०१० मध्ये यासाठी पहिली चौकट दिली आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यात क्रम स्पष्ट आहे: आधी कमी करा, उरलेलं फेडा. पण स्वस्त क्रेडिट मिळत असेल तर क्रम उलटायला कितीसा वेळ लागतो? युरोपने यावर कडक भूमिका घेतली आहे. नुसत्या भरपाईच्या जोरावर एखादी वस्तू हवामानाला तटस्थ आहे असं ग्राहकाला सांगायला २७ सप्टेंबर २०२६ पासून तिथे मनाई आहे. छोट्या कारखानदाराला मी तर सरळ सांगते, शिक्क्याच्या भानगडीत आत्ता पडू नका. ते पैसे झाकणात घाला.

अडचणी मालकाच्या हाताबाहेरच्याही असतात. शेड भाड्याची असली की छप्पर दुसऱ्याचं. भाडेकरूने पॅनेल लावून अकरा महिन्यांच्या करारावर झोपायचं कसं? आणि घरमालकाने ते लावायचे कशाला, बिल तर तो भरत नाही. यावर मी ऐकलेले सगळे उपाय कागदावर छान आहेत.

परवा एका धातूकाम करणाऱ्या मालकांनी मला पेचात टाकलं. रंग देण्याआधी सुट्या भागांवरचं तेल धुवायला त्यांच्याकडे साठ-सत्तर अंशांची टाकी आहे, गॅसच्या बर्नरवर तापणारी. बर्नर थकलाय. ते म्हणाले, “मॅडम, वीज तर हळूहळू आपोआपच स्वच्छ होणार, मी काही केलं नाही तरी. मग मी धडपड कशाला करू?” प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं असं, की वीज कदाचित आपोआप स्वच्छ होईल, गॅस होणार नाही. आज नवा बर्नर बसवला तर तो पुढची पंधरा-वीस वर्षं तेवढाच गॅस जाळणार. टाकीत साधी विजेची कॉइल टाकणंही शहाणपणाचं नाही. आजच्या सरासरी विजेवर एका युनिट उष्णतेमागे ४५० ग्रॅम, आणि बर्नरने तेवढीच उष्णता दिली तर २४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आज तरी कॉइल वाईट. हीट पंप मात्र आसपासची उष्णता ओढून टाकीत ढकलतो, म्हणून एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देऊ शकतो, तिथे आकडा १५० वर येतो आणि वीज स्वच्छ होत जाईल तसा आणखी उतरतो. त्यात त्यांचा स्क्रू कॉम्प्रेसर भिंतीच्या पलीकडेच आहे. कॉम्प्रेसरला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते; सध्या ते पंखा लावून ती मागच्या गल्लीत सोडतात.

बर्नरचं कोटेशन त्यांच्या टेबलावर आलेलं आहे. हीट पंपाचं मी मागवायला लावलंय आणि कॉम्प्रेसरच्या तेलातून उष्णता काढून टाकीकडे न्यायला किती पाइप लागेल ते त्यांचा फिटर मोजतोय. बर्नर या पावसाळ्यापर्यंत टिकेल असं तो म्हणतो, मालकांना तेवढी खात्री नाही. गुरुवारी तिन्ही आकडे समोर घेऊन बसायचं ठरलंय, गिऱ्हाइकाचे पैसे तोवर आले तर.